पायथ्याचे गाव

मुंबईहून पुण्याला निघालेली गाडी कर्जत स्थानकात थांबते. पुढचा घाट एकट्या इंजिनाला चढवत नाही, म्हणून मागून जादा इंजिने जोडावी लागतात. तेवढ्या चार-पाच मिनिटांत प्रवासी खाली उतरतात, कागदात बांधलेले गरम वडे घेतात आणि शिट्टी होताच धावतपळत आपापल्या जागी परततात. गाडी हलते. थोड्याच वेळात पळसदरी येते आणि तेथे रुळांना फाटा फुटतो. एक मार्ग डोंगराच्या कुशीत शिरून ठाकूरवाडी, मंकी हिल करीत खंडाळ्याकडे चढू लागतो. दुसरा मात्र सपाटीनेच केळवली, डोलवली, लौजी अशी लहान लहान स्थानके घेत खोपोलीला जाऊन संपतो.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांनी हा पहिलाच मार्ग पाहिलेला असतो. आम्हीही आजवर किती वेळा वरच्या मार्गाने गेलो याची गणती नाही. सुट्टी असो, लग्नकार्य असो वा पुण्याच्या आप्तांची भेट असो, खिडकीतून दरी पाहायची, बोगदे मोजायचे आणि खंडाळा आला की थंड वाऱ्याने सुखावायचे, हा आमचा नेम. खाली दरीत जे गाव दिसे, त्याचे नाव आम्हांला ठाऊक होते. त्याची ओळख मात्र कधी करून घेतली नव्हती. यंदा ठरवून खालच्या मार्गाने गेलो आणि खोपोलीत उतरलो. तेथे जे पाहिले व त्यानिमित्ताने जे वाचले, ते येथे मांडीत आहोत.

खोपोली आज नगरपालिकेचे, कारखान्यांचे शहर आहे. परंतु त्याचा जुना भाग अजूनही गावाच्याच तोंडवळ्याचा आहे. तीन बाजूंना सह्याद्रीच्या भिंती, जवळून वाहणारी पाताळगंगा आणि डोक्यावर बोरघाट. पूर्वीच्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यात (हे नामांतर १९८१ सालचे) खालापूर तालुक्यात हे गाव येते. कोकणातले मीठ, मासळी, भात वर देशावर जायचे आणि देशावरचे धान्य व कापड खाली बंदरांकडे उतरायचे ते या घाटाने. बैल दमले की विसावा पायथ्याशी. माणसे चढणीपूर्वी रात्र काढीत तीही पायथ्याशी. खोपोलीचे सारे भाग्य आणि सारे दुर्भाग्य या एका शब्दात आहे: पायथा.

या मुलखात वाटेचे मोल किती, हे शिवकालानेच दाखवून दिले होते. खालापूर तालुक्यातच चावणी गावाजवळ उंबरखिंड आहे. शाहिस्तेखानाने पाठविलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन घाट उतरला, आणि २ फेब्रुवारी १६६१ रोजी गर्द रानातल्या त्या अरुंद वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडीत पकडले. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना, अशी फौजेची गत झाली. फौजेबरोबर असलेल्या रायबागन या सरदार स्त्रीने शरण जाण्याचा सल्ला दिला, आणि खंडणी देऊन खानाने जीव वाचविला. ज्याला वाट माहीत, त्याचाच मुलूख, हा धडा त्या दिवशी या डोंगरांनी दिला.

खोपोली गावातील सर्वांत जुनी आणि देखणी खूण म्हणजे तेथील तलाव आणि काठावरचे महादेवाचे मंदिर. लोक त्याला वीरेश्वर म्हणतात. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांनी हा तलाव व हे मंदिर बांधविले. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा पाण्यावर डोंगराची सावली पडली होती, आणि तिच्यात वरच्या रस्त्याने चढणाऱ्या मालमोटारी मुंग्यांसारख्या सरकताना दिसत होत्या. नानांनी हे स्थळ का निवडले असावे, ते काठावर बसल्यावर सहज समजते. राजधानी पुण्याला, बंदर पनवेलला, आणि मध्ये ही अवघड चढण. ज्या ठिकाणी माणूस आणि जनावर दोघेही तहानेले होतात, नेमके तेथेच पाणी बांधून ठेवणे हा धर्मही होता आणि राज्यकारभारही.

याच घाटाने नानांची कसोटीही पाहिली. १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईकर इंग्रजांनी कॅप्टन स्टुअर्ट याला पुढे धाडून बोरघाट ताब्यात घेतला. मागून मुख्य फौज पुण्यावर चाल करून निघाली. मराठ्यांनी तिची रसद तोडली. मराठ्यांनी ज्याला कौतुकाने ‘इष्टुर फाकडा’ म्हटले, तो स्टुअर्ट १७७९ च्या जानेवारीत कार्ल्याजवळ पडला, आणि त्याच महिन्यात वडगाव येथे इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. दोन वर्षांनी, १७८१ साली, जनरल गॉडर्ड पुन्हा घाटापर्यंत आला व त्याने खोपोलीच्याच परिसरात तळ दिला. एप्रिलमध्ये त्याला पनवेलकडे माघार घ्यावी लागली. त्या माघारीत त्याची साडेचारशेहून अधिक माणसे ठार वा जखमी झाली. आज तलावाच्या काठी शांतपणे कपडे वाळत घालणाऱ्या बाया पाहताना या भूमीवर एवढी धावपळ झाली असेल, हे खरे वाटत नाही.

पेशवाईच्या उतरत्या काळात आणि तिच्या अस्तानंतर युरोपीय प्रवासी या वाटेने येऊ लागले. त्यांच्या लिखाणात खोपोली ‘कॅम्पूली’ या नावाने भेटते. १८०९ च्या डिसेंबरात मारिया ग्रॅहम ही इंग्रज लेखिका येथून पुण्यास गेली. तिचे प्रवासवर्णन १८१२ साली छापले गेले. १८२५ च्या पावसाळ्यात कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप रेजिनल्ड हेबर पनवेल, चौक व खोपोली करीत घाट चढले. इंग्रजी उपासनेत आजही गायिली जाणारी कित्येक भक्तिगीते रचणारे हेबर ते हेच. नानांचा तलाव आणि मंदिर यांची नोंद त्यांनी आपल्या रोजनिशीत केली. पुढच्याच वर्षी, ३ एप्रिल १८२६ रोजी, तिरुचिरापल्ली येथे त्यांना मृत्यू आला, आणि रोजनिशी १८२८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. परधर्मातील एका राज्यकर्त्याने वाटसरूंसाठी बांधलेल्या पाण्याजवळ एक ख्रिस्ती धर्माधिकारी थांबतो व त्याची आदराने नोंद घेतो, ही गोष्ट आम्हांला मोलाची वाटली.

त्यानंतर घाट रुंद होत गेला. १८०४ साली जनरल वेलस्लीने तोफा नेता येतील असा रस्ता करविला होता. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी गाडीरस्ता बांधविला आणि १० नोव्हेंबर १८३० रोजी तो खुला झाला. चाकाची गाडी कोकणातून देशावर सुखाने जाऊ लागली ती तेव्हापासून. त्या रस्त्यावरचा जुना दगडी पूल पुढे त्याच्यावरील जाहिरातीमुळे ‘अमृतांजन पूल’ म्हणून ओळखला गेला. द्रुतगती मार्गाच्या वाहतुकीला अडथळा होतो म्हणून २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीने रस्ते ओस पडले असताना, तो पाडण्यात आला. एकशे नव्वद वर्षे उभी असलेली खूण अशी गेली. आम्हांला त्याचे वाईट वाटले. पण नंतर मनात आले, की ज्यांनी त्याचे दगड वाहिले त्यांच्यासाठी तर आपण कधीच हळहळलो नव्हतो.

खोपोलीच्या इतिहासातील सर्वांत मोठा अध्याय रेल्वेचा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, हे आपण शाळेत शिकतो. त्यानंतर तीनच वर्षांनी, १२ मे १८५६ रोजी, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आले. म्हणजे आज ज्याला आपण फाटा समजतो, तोच वयाने थोरला आहे! पुढे १८५८ च्या जूनमध्ये वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे ही गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र मोकळाच. म्हणून पाच वर्षे अशी गंमत चालू होती, की मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरे, पालखीत, तट्टावर किंवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्याला पुन्हा आगगाडीत शिरे. हमाल, भोई, गाडीवान आणि खानावळवाले यांना खोपोलीत उसंत नसेल. गावाच्या वैभवाची ती पाच वर्षे होती.

त्याच वेळी गावाच्या डोक्यावर, कड्यांमध्ये, एक प्रचंड काम चालले होते. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला चढ जवळजवळ सोळा मैलांचा होता आणि त्यात गाडीला १,८३१ फूट वर न्यायचे होते. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल, शिवाय लहान पूल बावीस. डोंगराच्या एका सोंडेवर वळायला जागाच नव्हती. तेथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केले. गाडी त्या स्थानकात येऊन थांबे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. ही युक्ती १९२९ साली नवा मार्ग तयार होईपर्यंत वापरात होती.

हे काम केले कोणी? ग्रंथ उघडले की नावे भेटतात. पहिला कंत्राटदार फॅव्हिएल याने १८५९ साली काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने गेला. त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने धीराने कंत्राट चालू ठेविले व विश्वासू अभियंत्यांकरवी ते तडीस नेले. परक्या देशात, पतीच्या मृत्यूनंतर, एका स्त्रीने दाखविलेली ही हिंमत खरोखर स्मरणीय आहे. बर्कले प्रकृती खालावून मायदेशी परतले आणि १८६२ साली, घाट पुरा झालेला पाहण्यापूर्वीच, त्यांनी डोळे मिटले. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले आणि १४ मे रोजी वाहतूक सुरू झाली.

पण या चार-पाच नावांच्या मागे माणसांची एक दाट रांग उभी आहे. काम ऐन भरात असताना घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. त्यांत पुरुष होते, पाटी वाहणाऱ्या स्त्रिया होत्या, पोरेही होती. देशावरच्या दुष्काळी भागांतून कुटुंबेच्या कुटुंबे येत. उभ्या कड्यावर पाय ठेवायला जागा नसे, तेव्हा माणसाला कमरेला दोर बांधून वरून खाली सोडीत आणि तो लोंबकळत सुरुंगाची भोके पाडी. पाऊस सुरू झाला की काम थांबे व मजूर पांगे. उन्हाळ्यात पाणी दूषित झाले की पटकी येई आणि झोपड्यांच्या रांगा रिकाम्या होत. ज्या कड्यांकडे पाहून आपण खिडकीतून ‘वा!’ म्हणतो, त्यांच्या अंगाखांद्यावर माणसे अशी मेली.

त्यांना वेळेवर दामही मिळत नसे. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्यांच्याखाली मुकादम, अशी उतरंड होती, आणि वरून निघालेला पैसा खाली पोचेपर्यंत आटत असे. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांचा संताप उसळला आणि घाटात दंगल झाली. सरकारला चौकशी करावी लागली. पुढच्याच वर्षी सार्वजनिक कामांवरील मजूर व मालक यांच्या तंट्यांचा झटपट निकाल लावण्यासाठी १८६० चा नववा कायदा झाला, त्यामागे या घाटातील गाऱ्हाणीही होती. मजुरी मिळावी एवढ्यासाठी हात उगारणाऱ्या त्या माणसांपैकी एकाचेही नाव आम्ही वाचलेल्या ग्रंथांत आम्हांला आढळले नाही.

चहाच्या टपरीवर आम्ही सहज विचारले, “दादा, शिंग्रोबाचे देऊळ कुठे आले?” टपरीवाल्या म्हाताऱ्या बाबांनी चहा गाळता गाळताच मान वर केली. “वर घाटात. जुन्या रस्त्याला. पण नाणं टाकल्याबिगर पुढं जाऊ नका हां.”

आम्ही गेलो. घाटाच्या जुन्या रस्त्यालगत हे लहानसे देऊळ आहे. येणारीजाणारी वाहने येथे वेग मंद करतात आणि चालक खिडकीतून नाणे टाकून नमस्कार करतात. कथा अशी सांगतात, की साहेबांना घाटातून वाट काही केल्या सापडेना. तेव्हा शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपली गुरे ज्या वाटेने चढत ती त्यांना दाखविली. साहेब खूश झाला. म्हणाला, काय हवे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमच्या देशाला स्वातंत्र्य दे. तेव्हा त्याला गोळी घालण्यात आली.

ही लोककथा आहे. बर्कले यांनी घाटाची पाहणी वर्षानुवर्षे केली होती, आणि कथेतील मागणी ही नंतरच्या, स्वातंत्र्य चळवळीच्या काळातली भाषा वाटते. तरीही ही कथा केवळ कल्पना म्हणून बाजूला सारावी असे आम्हांला वाटत नाही. डोंगराच्या वाटा प्रथम धनगर, ठाकूर, कातकरी यांनाच ठाऊक होत्या, यात संशय नाही. लोकांनी त्या असंख्य अनामिकांना एक नाव दिले, एक चेहरा दिला आणि वाटेवर त्याला बसविले. कागदाने जे केले नाही, ते लोकस्मृतीने आपल्या परीने केले. चालकाने टाकलेले ते नाणे म्हणजे एका जुन्या ऋणाची फेड आहे, असे आम्हांला त्या देवळापुढे वाटले.

घाट पुरा झाला आणि खोपोलीचा दिवस मावळला. मुख्य गाडी पळसदरीवरूनच वर वळू लागली. पालख्या गेल्या, तट्टे गेली, पायथ्याचे गाव फाट्याचे गाव झाले. परंतु अर्धशतकानंतर त्याच डोंगराने गावाला दुसरे दान दिले. घाटमाथ्यावर पडणारा धो-धो पाऊस अडवून, ते पाणी नळांतून खाली सोडून वीज निर्माण करावी, हे स्वप्न जमशेटजी टाटांचे. ते १९०४ साली वारले. त्यांच्या वारसांनी १९१० मध्ये कंपनी स्थापिली, लोणावळ्याच्या परिसरात धरणे बांधिली आणि १९१५ साली खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. सतराशे फुटांहून अधिक उंचीवरून पाणी येथे कोसळते आणि चक्रे फिरवते. मुंबईच्या गिरण्यांना कोळशाच्या धुराऐवजी तारेतून शक्ती मिळाली ती येथून. आजही हे वीजगृह ७२ मेगावॅट क्षमतेने उभे आहे, आणि डोंगरावरून उतरणारे ते जाड नळ दुरूनही दिसतात. वीज करून मोकळे झालेले पाणी पाताळगंगेत सोडतात, म्हणून एरवी उन्हाळ्यात आटली असती अशी ही नदी खालच्या शेतांना व कारखान्यांना पाणी पुरवू शकते. मूळ घाटमाथ्यावर पडलेला पाऊस मुंबईत दिवा होऊन लागतो आणि खाली शेतात भात होऊन उगवतो, हे पाहून मन थक्क होते.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि लोक आणखी वेगाने जाऊ लागले. खोपोली आता निळ्या-हिरव्या फलकावरचे एक नाव, डावीकडची एक उतरण. शेजारच्या महडच्या वरदविनायकाला जाणारे भाविक तेवढे थांबतात.

परतीच्या वाटेवर चौक लागले. हेबर ज्या चौकावरून गेले, तेच हे चौक. तेथून इर्शाळगडाचा सुळका स्पष्ट दिसतो. त्याच्या कुशीत ठाकूर समाजाची इर्शाळवाडी होती. १९ जुलै २०२३ च्या रात्री, मुसळधार पावसात, डोंगराचा कडा झोपलेल्या वाडीवर आला. सत्तावीस मृतदेह हाती लागले. चार दिवसांनी शोध थांबविण्यात आला, आणि सत्तावन्न माणसे त्या मातीखालीच राहिली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. बचावासाठी गेलेल्यांना पायी चढावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी डोंगराच्या वाटा जगाला दाखविल्या, त्यांच्या दारापर्यंत एकविसाव्या शतकातही वाट पोचली नव्हती. सुळक्याकडे पाहत आम्ही बराच वेळ उभे राहिलो. खोपोलीच्या इतिहासाचे शेवटचे पान आम्हांला तेथे वाचायला मिळाले.

आपल्या धर्मग्रामांत एक जुनी, चांगली रीत आहे. कोणी गेले, मग तो गावचा सावकार असो वा दारोदार फिरणारा भिकारी, त्याचे नाव नोंदवहीत लिहिले जाते. तारीख, वय, आईबापांची नावे. शंभर वर्षांनी कोणी पान उलटले तर त्याला तो माणूस सापडतो. या साध्या रीतीचे मोल आम्हांला खोपोलीने समजावून दिले. घाटात जे मेले, त्यांच्यासाठी अशी वही कोणी धरली असती तर आज आपल्याला त्यांना नावाने हाक मारता आली असती.

तेव्हा एक विनंती. आपल्या धर्मग्रामाची मुले सहलीला लोणावळ्या-खंडाळ्याला जातात, तेव्हा एकदा त्यांना कर्जतहून खालच्या गाडीत बसवा. खोपोलीत उतरवा. नानांच्या तलावाच्या पायऱ्यांवर शिदोरी सोडा. वरचे बोगदे, नळ आणि रस्ते त्यांना खालून दाखवा आणि विचारा, हे कोणी बांधले? मुले पुस्तकातली नावे सांगतील. ती ऐकून घ्या, आणि मग त्यांना पुन्हा एकदा तोच प्रश्न विचारा.